आधी होडी, मग तांडेल

आमच्या रेवदंड्याच्या डॉक्टरांना दर महिन्याला एक शोध लागायचा. तो लावायचे दुसरेच कोणी, विलायतेत नाहीतर मद्रासेकडे, पण लागायचा आमच्या डॉक्टरांना, उचकी लागावी तसा. टपालातून त्यांचं वैद्यकीचं मासिक आलं की दवाखान्याच्या उंबऱ्यात उभ्या उभ्याच ते वाचायचे, आणि मग समोर येईल त्याला, मग तो माणूस असो की म्हैस, थांबवून सांगायचे, "ऐकलंत का? नवीनच निघालंय!"

गिरणीत घासून पांढऱ्या केलेल्या तांदळातून अंगाला हवं असलेलं काहीतरी निघून जातं, असं एकदा मासिकात आलं. झालं! भर बाजारात उभे राहून डॉक्टर बायकांना म्हणाले, घरी कांडा, गिरणीचा तांदूळ टाका. बायका नुकत्याच कुठे मुसळातून सुटल्या होत्या. त्याच मुसळांनिशी त्यांनी डॉक्टरांना पार चौलच्या हद्दीपर्यंत पळवलं म्हणतात. मी म्हणतो त्याच्याही पुढे, कारण परत येताना डॉक्टर टांग्यातून आले.

आणखी एकदा साखरेच्या रोगावर औषध निघाल्याचं त्यांनी वाचलं, आणि तडक किनाऱ्यावर आले. आम्ही जाळी विणत बसलो होतो. "अरे, लेकरं डोळ्यांदेखत वाळून मरत होती, आता ती जगतात!" असं म्हणाले आणि रडायलाच लागले. आमच्या कोळीवाड्यात तो रोग कोणी पाहिलाही नव्हता. पण एवढा मोठा माणूस एकटा रडतोय हे बरं दिसेना, म्हणून आम्हीही रडलो. त्या दिवशी भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर आलं होतं. खोटं वाटेल, पण आलं होतं.

मी सांगतोय ती गोष्ट एकोणीसशे तीसच्या आगेमागेची. माझा थोरला भाऊ आमच्या होडीचा तांडेल. सुकाणू त्याच्या हातात आणि आम्ही खलाशी त्याच्या हुकमात. दादाचे डोळे असे, की दुपारी किनाऱ्यावरून तो कोर्लईच्या किल्ल्यावरच्या कावळ्याला नावाने ओळखायचा. पाण्याच्या रंगावरून खाली कोणता मासा आहे ते सांगायचाच, पण त्या माशाचं आणि त्याच्या बायकोचं पटतंय की नाही तेही सांगायचा.

त्या वर्षी वैशाखात त्याचं पोट बिघडलं ते बिघडलंच. कित्येक दिवस नुसता ताकभात. मग पाऊस लागला, होड्या किनाऱ्यावर चढल्या, ताजी मासळी बंद झाली. पालेभाजी म्हणजे शेळीचं जेवण, ती त्याने जन्मात तोंडाला लावली नव्हती. आणि आषाढ लागता लागता, दिवा लागला की दादा काहीच्या बाही करू लागला. पाण्याच्या रांजणाला म्हणाला, "बसा की, उभं का?" शेळीचं दावं माझ्या पायाला बांधलं. एका संध्याकाळी तर सासूबाई आल्या समजून भाताच्या कणगीच्या पाया पडला, आणि कणगीने आशीर्वाद दिला नाही म्हणून रुसून बसला.

आम्ही हसलो. वहिनी हसली नाही. तिने ओळखलं होतं. उजेडात गरुडासारखं दिसणाऱ्या तिच्या नवऱ्याला दिवेलागणीनंतर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

आता कोळ्याच्या घरात याचा अर्थ काय, ते सांगतो. नारळी पुनव झाली की होड्या पाण्यात. पहाटे जायचं आणि तिन्हीसांजेला खाडीच्या तोंडातून परत शिरायचं. एका अंगाला वाळूचा दांडा, दुसऱ्या अंगाला खडक, मधली वाट नवरीच्या भांगाएवढी. तांडेलाला संध्याकाळी दिसत नाही हे वाड्याला कळलं की सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाणार, आणि आमच्या घरातला दुसरा म्हणजे मी. मी एकदाच सुकाणू धरलं होतं, तेव्हा होडी नारळाच्या बागेत निघाली होती. माळ्याने आम्हाला पाहुणे समजून शहाळी दिली.

पण दादाकडे बघितलं की थट्टा सुचत नसे. अजून चाळिशीही न उलटलेला माणूस. एकदा जाळं बाजूला सारून तो मला हळूच म्हणाला, "सुकानू गेलं तर मी किनाऱ्यावं बसून मासं वाळवनारा मानूस न्हाय रं." एवढंच. मग जाळं पुन्हा पुढ्यात ओढलं.

वहिनीने मग कंबर कसली. सूर्य असेतो ती त्याला जेवू घाली आणि वाड्यात सांगे, यांनी नेम धरलाय, दिवस मावळल्यावर अन्न घेत नाहीत. बंदरावरचा जैन दुकानदार दादाला वाटेत थांबवून हात जोडू लागला. संध्याकाळी घरात वावरताना वहिनी सारखी काहीतरी बडबडत राही, म्हणजे ती कुठे आहे ते त्याला कळावं. नाहीतर मुळातली अबोल बाई ती. आणि मग एक दिवस ती कोणाला न विचारता डॉक्टरांना घरी घेऊन आली.

डॉक्टरांनी दादाच्या पापण्या उलट्यासुलट्या केल्या, चार प्रश्न विचारले आणि टाळी वाजवली. "रातांधळं! वा, वा, छान!"

"छान?" वहिनीने पदर खोचला.

"म्हणजे वाईट. वाईटच. पण बाई, यावरचं औषध नुकतंच पक्कं ठरलंय! माशाच्या काळजाचं तेल. अन्नातलं एक सूक्ष्म द्रव्य कमी पडलं की डोळे असे संपावर जातात. पांढऱ्या उंदरांवर करून पाहिलंय लोकांनी. मी मुंबईहून विलायती तेलाची बाटली मागवतो."

बाटली आली. रोज सकाळी एक चमचा, असं सांगून डॉक्टर गेले. आणि इथे आमच्या घरची रीत आडवी आली.

आमच्यात पुनवेच्या आधी घरात जे काही येईल, तेल असो, नारळ असो, नवं फडकं असो, ते आधी होडीला. ती थोरली. आमच्या बापाला तिने पोसलं, आजाला पोसलं, तिच्याआधी कोणी हात लावायचा नाही. तेव्हा वहिनीने बाटली उघडली आणि पहिली ओंजळ होडीच्या अंगाला चोळली, मग चमचा दादापुढे धरला. दादाने वास घेतला मात्र, ताडकन उठला. "ह्ये होडीचं त्याल हाय! डागदर मला लाकूड समजतो काय?" आणि तो चमचाही होडीच्याच अंगावर गेला. रोज हेच. होडीला ओंजळ, वर दादाचा चमचा. बाटली बघता बघता रिकामी.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर किनाऱ्यावर आले. आम्ही होडीलाच आमचं नेहमीचं तेल लावत होतो.

"काय तांडेलीणबाई, काही फरक?"

"लय फरक! अंग कसं चकाकाय लागलंय."

"अंग? मी डोळ्यांचं विचारतोय."

"होडीला कुटलं आलं डोळं?" वहिनी म्हणाली.

सगळा प्रकार ऐकून डॉक्टर मागच्या मागे होडीला टेकले, आणि पांढऱ्या स्वच्छ धोतराचं जे व्हायचं ते झालं. त्या तेलाचा वास मी काय सांगू! आम्ही ते लावायला काढलं की कोर्लईच्या तोफा तोंडं समुद्राकडे फिरवून घेत. डॉक्टरांनी हात नाकाशी नेला. पुन्हा नेला. डोळे मोठे झाले.

"हे कसलं तेल लावता तुम्ही?"

"मुशीचं," मी म्हणालो. "मुशी मासा मिळाला की त्याचं काळीज उकळून काढतो, राळ घालून लावतो. लाकडाला कीड लागत न्हाय."

श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत वाढलेला, जन्मात मासा न शिवलेला तो माणूस. त्याने बोट जिभेला लावलं. तोंड असं झालं, की मला वाटलं आता आमच्या किनाऱ्यावर डॉक्टर गेल्याचं पाप लागणार. पण ते हसायला लागले. हसत हसत त्यांनी होडीभोवती फेरी मारली. "अहो, तेच! तेच हे! मी मुंबईहून बोटभर बाटली मागवतो, आणि तुमच्या घरात बुधले भरलेत! तांडेल, तुमच्या होडीला सात जन्मांत रातांधळं व्हायचं नाही!"

दादा हसला नाही. "होडीच्या तोंडचं काडून मी खाऊ?"

"अहो, उंदरांना दिलं तर उंदीर सुधारले!"

"उंदरांस्नी होडी कुटं हाय?" दादा म्हणाला.

यावर मासिकात काही लिहिलेलं नसावं, कारण डॉक्टर धोतराचा डाग चोळू लागले. पुनव तोंडावर आली होती. वहिनीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा होडीकडे. "मग तिलाच इचारा की," ती म्हणाली. "कौल लावा."

ही गोष्ट दादाला नाकारता येईना. वहिनीने होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धुतली, जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या नाळेला डावी-उजवीकडे चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होडीचा होकार, डावी पडली तर नकार. दादा समोर हात जोडून, डोळे मिटून उभा राहिला. "माय, तुज्या वाटचं मागतोय. द्यायचं तर दे, न्हायतर न्हाय म्हन."

पाकळ्या हलेनात. वारा पडलेला. वहिनीचे ओठ पुटपुटत होते. ऊन चढलं. डॉक्टरांचे रोगी दवाखान्यात वाट बघून आपले आपण बरे होऊन घरी गेले असतील, इतका वेळ गेला. डावी पाकळी जराशी सुटली, लोंबकळायला लागली. वहिनीचा चेहरा उतरला. नेमकी त्याच वेळी डॉक्टरांच्या पाठीला खाज सुटली, आणि ते उजव्या अंगाने होडीवर खांदा घासू लागले. चांगलं दणकून घासत होते. अर्धा वाडा लावल्याशिवाय न हलणारी आमची होडी, पण तिलाही वैद्यकशास्त्राबद्दल आदर असावा. उजवी पाकळी टपकन खाली आली.

"दिली!" वहिनी ओरडली. दादाने डोळे उघडले, पाकळी बघितली, होडीला नमस्कार केला.

राळ न मिसळलेलं, वरचं निवळ तेल डॉक्टरांनी स्वतः गाळून दिलं. दादा वाटी घेऊन बसला होता. "चमचा!" डॉक्टर ओरडले. "औषध आहे ते, कालवण नव्हे! जास्त घेतलंत तर बाधेल." शिवाय वहिनीला शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा रांधायला सांगितला. होडीने परवानगी दिल्यावर दादाने शेळीचं जेवणही मुकाट्याने खाल्लं. मात्र रोज आधी ओंजळभर तेल होडीला, मग चमचा दादाला. त्यात बदल नाही.

फरक पडला की नाही, हे कोणी विचारायचं? डॉक्टर रोज वाकडी वाट करून यायचे, आणि दादा म्हणायचा, "पुनव होऊ द्या, मग सांगतो." वहिनी तेही विचारत नव्हती. संध्याकाळची तिची बडबड मात्र तशीच चालू होती.

पुनव झाली. सोन्याचा नारळ समुद्राला गेला. दोन दिवसांनी, चंद्र उशिरा उगवायला लागल्यावर, होड्या निघाल्या. निघताना वहिनी माझ्या कानाशी आली. "भावजी, येताना तुमी नाळेवं बसा. आनि खडक जवळ आला की मोट्यानं वरडा."

दिवसभर मासळी चांगली लागली, पण माझं चित्त सूर्यावर. तो त्या दिवशी जरा घाईनेच बुडाला, अशी माझी अजून तक्रार आहे. खाडीचं तोंड आलं तेव्हा पाणी शाईसारखं. मी नाळेवर बसलो होतो, पुढच्या अंधारात डोळे फाडून बघत. पुढे फेस दिसला. मी छातीभर श्वास घेऊन ओरडलो, "दादा, खडक! उजव्या हाताला!"

"कळलं," मागून आवाज आला. "कानात नको वरडू. दिसतोय मला."

होडी अलगद वळली. दांडा डावीकडे राहिला, खडक उजवीकडे. मी मान वळवून बघितलं. दादा सुकाणू धरून ताठ उभा, नजर किनाऱ्यावर.

"तुजी वैनी खाली येऊन उबी हाय," तो म्हणाला. "जांभळं लुगडं. बाजूला डागदर. धोतर तेच हाय, डाग बी गेला न्हाय अजून."

मला नुसते काळे ठिपके दिसत होते. मला तर कधीच रातांधळं नव्हतं!

"खांदा चोळतोय उजवा," दादा म्हणाला. "त्या दिसापासून दुकत आसंल बिचाऱ्याचा. येवडी जड होडी ढकलायची म्हंजे."

"दादा! तू तर डोळे मिटले होतेस!"

"एकच मिटला हुता," तो म्हणाला.

होडी वाळूला लागली. डॉक्टर गुडघाभर पाण्यात धावत आले आणि "काय? काय?" एवढंच विचारू लागले. वहिनी त्यांच्याही पुढे. काही न बोलता तिने आधी होडीच्या नाळेवरून हात फिरवला, आणि मग दादाच्या तोंडावरून.