बायको बोलेना

भाषाशास्त्र विभागात त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ते ‘उदाहरण सर’. नियम सांगून झाला की खडू हवेत धरून ते क्षणभर खिडकीबाहेर बघायचे आणि मग फळ्यावर एक वाक्य उतरायचं. त्या वाक्यात बहुतेक वेळा त्यांची बायको असायची.

‘बायकोने दार आपटलं.’ ‘दार आपटलं गेलं.’ ‘वाऱ्याने दार आपटलं म्हणे.’ एकाच दाराची ही तीन वाक्यं लिहून सर विचारायचे, सांगा बरं, यातल्या कुठल्या घरात आज जेवण वेळेवर मिळेल? वर्ग खो खो हसायचा आणि कर्तरी-कर्मणी प्रयोगांचा धडा जन्मभरासाठी डोक्यात बसायचा. बाकीचे प्राध्यापक पुस्तकातलीच उदाहरणं द्यायचे, शेतकरी बैल हाकतो, मुलगा चेंडू फेकतो. सरांचं म्हणणं, तो शेतकरी पिढ्यान् पिढ्या बैल हाकतोय, आता तरी त्याला घरी जाऊ द्या.

बायकोला याचा पत्ता नव्हता. ती रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत होती. दिवसभर लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, मूठ आवळा, झालं, कापूस दाबून धरा. घरीही तिचं बोलणं असंच, टोचायचं तेवढं टोचून मोकळं. तुमच्या क्रियापदांत माझं काय काम, असं म्हणून ती विभागाची पायरी कधी चढली नव्हती आणि सरांच्या ते पथ्यावरच पडलं होतं. घरात खटका उडाला की यांचा चेहरा मधेच उजळायचा. ऐकताय ना, असं तिने दरडावलं की हे म्हणायचे, ऐकतोय गं, पण तो ‘तरी’ कुठे घातलास ते पुन्हा म्हण. त्यावर जे काही व्हायचं, ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर.

आता सर निवृत्त होणार होते. जिन्याच्या तोंडाशी आगामी कार्यक्रमांचा फलक होता. त्यावर बोलींचं शिबिर, त्याची तारीख दोनदा खोडलेली. पाहुण्या प्राध्यापिकेचं स्वरांवरचं भाषण. आणि त्याखाली सगळ्यात मोठ्या अक्षरांत सरांचं निरोपाचं व्याख्यान. फलकाची बातमी घरी पोचली आणि बायकोने जाहीर केलं की तिने रजा टाकलीय, ती येणार. सरांनी उगाच आढेवेढे घेऊन पाहिले. खुर्च्या कडक आहेत म्हणाले, पंखा आवाज करतो म्हणाले. ती म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या घोरण्यात झोपले, पंख्याचं काय घेऊन बसलात.

विभागप्रमुख म्हणजे सरांचीच जुनी विद्यार्थिनी. खुर्चीत बसली तरी सर तिला ‘पोरी’च म्हणत. तिने गुपचूप एक घाट घातला होता. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून विचारलं, सरांचं कुठलं वाक्य तुम्हांला अजून आठवतं? जी आली ती ठळक छापून घेतली आणि व्याख्यानाच्या आदल्या दिवशी अख्ख्या व्हरांड्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीवर लावली.

सर जिना चढून आले आणि स्वतःच्याच संसारात शिरल्यासारखे चालू लागले. काही वाक्यांपाशी खुदकन हसले. ध्वनिमुद्रणाच्या खोलीपाशी मात्र त्यांचे पाय थबकले. दाराशेजारी लिहिलं होतं, ‘बायको बोलेना.’

ते तडक प्रमुखांच्या खोलीत गेले.

“पोरी, बाकीची राहू दे. ते एक काढ.”

“कुठलं? ‘बोलेना’? सर, सगळ्यात जास्त जणांना तेच आठवत होतं.”

“म्हणूनच म्हणतोय, काढ.”

तिला वाटलं, सर लाजताहेत. उद्या काकूंना स्वतः फिरवून सगळं दाखवणार, त्यांच्यावाचून आमचं व्याकरण झालंच नसतं, असं म्हणत तिने त्यांना चहा मागवला. खरं कारण सरांच्या जिभेवर होतं. पण ते त्यांचं एकट्याचं नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते चहाबरोबर गिळलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी बायकोची धाकटी बहीण वारली होती. आई नसलेल्या त्या मुलीला हिनेच लहानाचं मोठं केलेलं. तिचं दिवसकार्य उरकून परत आल्यापासून हिने घरात तोंड मिटलं. कामावर जायची, तिथे मूठ आवळा वगैरे म्हणत असणार, पण उंबऱ्याच्या आत शब्द नाही. सरांनी पेपर मोठ्याने वाचून पाहिला. मुद्दाम चुकीच्या वस्तू आणून पाहिल्या, निदान ओरडेल म्हणून. भांडून पाहिलं. तिचं आपलं खाली मान घालून काम चालू. अशाच एका सकाळी वर्गात नकाराची रूपं शिकवायची होती. खडू हवेत धरून सरांनी बाहेर पाहिलं आणि हाताने ते वाक्य आपसूक लिहिलं. त्या दिवशी वर्ग हसला नव्हता.

तिच्या सगळ्यात दुःखाच्या दिवसांचा आपण धडा केला, ही गोष्ट सरांनी तेव्हापासून पोटात ठेवली होती. आता ती भिंतीवर चिकटली होती. संध्याकाळी सगळे पांगल्यावर त्यांनी नखाने कोपरा सोडवायला घेतला, तर रंगाचा पोपडाच हातात आला. तेवढ्यात मागून एक संशोधक मुलगी धावत आली. निघत होतं का सर, थांबा, म्हणाली आणि तिने चारही बाजूंनी चिकटपट्टी मारून ते पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी बायकोला मागच्या जिन्याने थेट सभागृहात यायला सांगितलं. ती पुढच्या जिन्याने आली. ती वेळेआधी येऊन वाचत सुटलीय, हे कळल्यावर सर धापा टाकत पोचले. प्रमुख बाजूला उभी राहून कौतुकाने बघत होती. सरांचा चेहरा पाहिला आणि ती काहीतरी काम आठवल्यासारखी निघून गेली.

“हे दार मी आपटलं नव्हतं,” बायको वळूनसुद्धा न बघता म्हणाली. “कडीत खोट होती.”

“असेल.”

“‘बायको हसली असावी, पाठ हलत होती.’ हे काय आहे?”

“अंदाज. समोरून दिसत नव्हतीस.”

तिची पाठ आत्ताही हलली. मग ती पुढे सरकली, आणखी पुढे, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीपाशी थांबली. पर्सचा पट्टा तिने खांद्यावरून काढून हातात घेतला. सर तिच्या मागे, वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे.

“हे तेव्हाचं ना?”

“हो. चुकलंच माझं. ते फळ्यावर न्यायचं नव्हतं.”

“काय शिकवता यावरून?”

सर गडबडले. “‘बोलली नाही’ म्हणजे नाही बोलली. विषय संपला. ‘बोलेना’ म्हणजे समोर कुणीतरी बसलेलं असतं. तिने बोलावं म्हणून काहीबाही करत असतं. करून करून टेकीला आलेलं असतं. ते माणूस वाक्यात दिसत नाही, पण असतं. ते नसेल तर ‘बोलेना’ म्हणताच येत नाही.”

सभागृहातून खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते.

“मला वाटायचं, तेव्हा घरात मी एकटीच होते,” ती म्हणाली.

सरांनी तिच्या हातातली पर्स घेतली, का घेतली ते त्यांनाही कळलं नाही.

“मग बोलले तेव्हा पहिलं काय बोलले, ते आठवतं?”

“‘दूध उतू जातंय.’”

“जातंय कसलं? गेलं होतं सगळं. तुम्ही तिथेच उभे होतात, ढिम्म.” तिने डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि पदवी घ्यायला निघाल्यासारखी सभागृहाकडे चालू लागली. “ते नाही लावलं कुठे?”

“ते कधी वर्गात सांगितलंच नाही.”

“मग आज सांगा. माझी हरकत नाही. अर्धवट गोष्ट कशाला शिकवता पोरांना?”

ती पहिल्या रांगेत जाऊन बसली. सर व्यासपीठावर चढले आणि खडूसाठी फळ्याकडे वळले. बायकोची पर्स अजून त्यांच्या खांद्याला होती.