तिचं रक्त जिरेपर्यंत

धाकटीला घरात आणलं तेव्हा दोन बायका करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मला मूल होईना म्हणून नवऱ्याने दुसरं लग्न केलं, आणि धामणगाव बढ्यातल्या एकाही माणसाला त्यात वावगं वाटलं नाही. मला वाटलं. पुढे तिलाही मूल होईना, तेव्हा मी देवापुढे नारळ फोडला नाही एवढंच. रंगाने ती माझ्याहून सावळी, भाकरीच्या कडा जाळायची, आणि तरी ताटावर बसला की हा तिच्याच हातची भाकरी मागायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. तो मी लपवतही नव्हते.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. पोळ्यासाठी बैल धुताना एका बैलाने नवऱ्याच्या मांडीत शिंग खुपसलं. धोतराने मांडी करकचून बांधून आम्ही त्याला मोटारीत घातला आणि घाट चढून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेला. बरोबर आम्ही दोघी आणि दीर. तिथला डॉक्टर लढाईवर जाऊन आलेला, तरुण. तो म्हणाला, "रक्त फार गेलंय. दुसऱ्या माणसाचं चढवावं लागेल." असं काही असतं हे आम्ही कधी ऐकलंही नव्हतं. सुई बघून दीर पान खाऊन येतो म्हणाला आणि गेला तो गेलाच.

मी हात पुढे केला. "मायं घ्या साहेब. लागन तेवढं घ्या."

डॉक्टरने काचेच्या पट्टीवर नवऱ्याचं आणि माझं रक्त कालवलं. ते नासलेल्या दुधासारखं फुटलं. मग धाकटीचं कालवलं, ते एकजीव झालं.

"बाई, तुमचं त्यांना चालणार नाही," डॉक्टर म्हणाला. "दिलं तर जिवावर बेतेल."

"अजून एकडाव पाहा न. नीट नाई पाह्यलं तुमी."

माझी समजूत काढायला त्याने पुन्हा पाहिलं. पुन्हा फुटलं. इतकी वर्षं या माणसाच्या घरात राबले, आणि माझं रक्त त्याच्याशी जमेना! तिचं बाटलीत काढलं आणि बाटलीतून त्याच्या अंगात सोडलं. त्याच्या ओठांवर रंग येताना मी पाहिला. तो वाचला याचा आनंद झालाच. पण तिच्यामुळे वाचला, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

आमच्यात एका देवकाची सोयरीक होत नाही. देवक म्हणजे कुळाची खूण, कुणाचं झाड, कुणाचं पान. दोघांचं देवक एक निघालं की ती भाऊ-बहीण, ठरलेलं लग्नही मोडतं. गावी परतल्यावर मी विहिरीवर बोलून टाकलं, "आता तं दोघायचं रक्त एक झालं. नवरा-बायको कसे राह्यतीन हे?" सहज नव्हतं बोलले. घाट उतरेपर्यंत मोटारीत तेच घोळवत होते. काचेवर माझं रक्त फुटलं होतं ना? मग बायको म्हणून मीच खरी! ज्या गोष्टीने रडवलं तिचाच मला ताठा आला.

दोन दिवसांत गावभर झालं. माझे चुलत सासरे जातीतले मोठे, त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. त्यांना प्रश्न पडला. नवऱ्याची जखम दाखवायला पुन्हा बुलढाण्याला गेलो तेव्हा ते बरोबर आले आणि आधी कचेरीजवळच्या एका वकिलाला त्यांनी गाठलं. वकील हसला नाही, ही त्याची मेहेरबानी. म्हणाला, "कायद्याला जन्माचं रक्त ठाऊक आहे. बाटलीतल्या रक्ताचं कलम अजून निघालं नाही. डॉक्टरलाच विचारा."

डॉक्टर मात्र पोट धरून हसला. "अहो, दिलेलं रक्त कायमचं थोडंच राहतं? तीन-चार महिन्यांत जिरून जातं. शरीर आपलं नवं तयार करतं. तिचा थेंबही उरत नाही."

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तिथेच निवाडा दिला. "मंग संक्रांतीलोक ते भाऊ-बहीन. तवापासून पुन्हा नवरा-बायको. तवरक तिले माहेरी धाडा."

नवरा उसळला. "तिनं मले वाचोलं, अन् तिलेच घराभाईर काढता?"

"काढत कुठी हावो? जिरू देऊन राह्यलो."

धाकटीचं माहेर दोन कोसांवर. ती गेली. जाताना माझ्या पाया पडून म्हणाली, "बाई, त्याईले जपजा." तळपायाची आग मस्तकात गेली. मला सांगते!

ते महिने माझे होते. मला ते जिंकायचे होते. दीर वेगळा राहायचा, घरात दुसरं कुणी नव्हतं. मी त्याची जखम धुतली, काठी धरून त्याला चालवलं. भाकरी अशी केली की कडेला डाग नाही. तो मुकाट जेवायचा. एकदा म्हणाला, "जराशी जाळत जाय न व." आणखी एकदा, धाकटी दळताना म्हणायची ती ओवी तो गोठ्यात गुणगुणताना सापडला. मी मनाला समजावलं, हे तिचं रक्त बोलतंय. बिचारा काय करील? जिरू दे. डॉक्टरच्या शब्दावर मी देवावर ठेवावा तसा विश्वास ठेवला. हुरड्याचे दिवस आले तेव्हा तो माझ्याशी दोनदा हसून बोलला, तर मला वाटलं, उतरतंय, आता फक्त तळाचं राहिलंय.

संक्रांत आली. सासरे ओसरीवर येऊन म्हणाले, "जिरलं पाय आता." सकाळची वेळ. मी तिळाचे लाडू वळत होते. पहिला त्याच्या हातावर ठेवावा म्हणून उठले, तर तो अंगणात रेंगी, आमची लहान बैलगाडी, जुंपत होता. पाय अजून ओढत चालायचा, तरी बैलांना दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चहाही घेतला नव्हता.

"कुठी?" मी विचारलं.

"तिले आनाले."

मी लाडू हातात धरून दारात उभी राहिले. तिचा थेंबही त्याच्या अंगात उरला नव्हता. जो गडी माझ्याकडे न बघता रेंगीत चढला, तो सगळाच्या सगळा स्वतःच्या रक्ताचा होता.