तिटेखालची गाठ

ग्रुपवरच्या मंडळींनो, उधन्याच्या सायबर कॅफेतून लिहितेय. डोकं अजून तरंगतंय.

भुवईच्या टोकाशी छोटी गाठ हाताला लागल्यापासून माझी झोप उडाली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी ती बोटाने हलवून पाहिली आणि ती तेव्हाही होती का हे बघायला लहानपणीचा फोटो मागितला. आज आईला सोबत घेऊन पहिल्या वाढदिवसाचा एकुलता एक फोटो नेला, तर नेमकी तिथेच काजळाची तीट!

"आता कसं कळणार?" मी वैतागले.

आई हळूच म्हणाली, "जलमपासून शे ती. कोनले दिसाले नको म्हनीसन लहानपनी रोज तठेच तीट लावू मी."

डॉक्टरांनी पुन्हा चाचपलं आणि ते आपल्या गुजराती-मराठीत हसून म्हणाले, "सादी गांठ छे, चिंता ना करशो. वाढली तरच काढू."

परतताना रिक्षाबाहेर उन्हात लूमच्या कारखान्यांतला कापूस उडत होता. आईचं बोट माझ्या भुवईवर फिरत होतं, तीट लावावी तसं.

तुमच्या आईने तुमचं काय झाकून ठेवलंय, विचारलंत कधी?