बिरादार सरांची साक्ष

तारखेच्या दिवशी बिरादार सर इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मुखेडच्या स्टँडवर पहिल्या बसची वाट पाहत उभे असत. कोर्टानं त्यांना बोलावलेलं नसे. तरी ते नांदेडला जात, शेवटच्या बाकावर बसत आणि पुढची तारीख ऐकून परत येत. दुसऱ्या दिवशी शाळेत मला म्हणत, "आपल्यापेक्षा कोर्टाला सुट्ट्या लई हायत, बघा."

नववी-दहावीचं मराठी आम्ही दोघं वाटून शिकवायचो. दूरच्या एका शहरात भर बाजारात स्फोट झाला, माणसं मेली, त्या आठवड्यात एक जमादार शाळेत आला. पंचनाम्याला पगारदार, शिकलेला माणूस बरा, म्हणून पोलीस नेहमी आमच्यातल्याच कुणाला तरी पंच म्हणून नेत. सर गेले. ठाण्यात टेबलावर सीलबंद पुडकं होतं आणि पंचनामा लिहून तयार होता: पंचांसमक्ष मोबाईलच्या दुकानाची झडती घेतली, ही वस्तू सापडली. "सर, घाई हाय. देशाचं काम हाय," जमादार म्हणाला. सरांनी प्रत्येक पानावर सही केली आणि पुढच्या तासाला वर्गात हजर झाले.

दुकान इरफानचं होतं, हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. इरफान आमचा जुना विद्यार्थी. पुढं त्याचा जामीन दर वेळी त्या पानांवर बोट ठेवून नाकारला गेला.

"तवा वाटलं, एवढी माणसं मेलीत, आपण कशाला आडवं यावं," सर म्हणत. "मी काय आंधळेपणानं सही केली न्हाई. वाचून केली. वाचून!"

इरफानच्या वकिलानं सरांना सांगितलं होतं, साक्षीला बोलावतील तेव्हा खरं काय ते पिंजऱ्यातच सांगा. हे शिक्षकांच्या खोलीत पोचलं तेव्हा एकानं विचारलं, "काय सर, अतिरेक्यांची बाजू घेऊन राहिलात?"

सर शांतपणे म्हणाले, "बॉम्ब ठेवणारा गावलाच पायजे. इरफाननं ठेवला का न्हाई, मला ठाऊक न्हाई. मी त्या दुकानात गेलो न्हाई, एवढं ठाऊक हाय. तेवढं सांगू द्या."

त्यानंतर त्यांच्या शेजारी डबा उघडायला मी एकटाच उरलो. मी एकदा सुचवलं, निदान लिहून तरी ठेवा. "एकदा लिहून दिलंय की," ते म्हणाले. "त्याचंच तर हे झालं."

सहा वर्षांत त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही. मग छातीत दुखायला लागलं, आणि नांदेडच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ते गेले.

पुढं समन्स मला आलं. पंच मयत, त्यांचं अक्षर ओळखणारा सहकारी हवा होता. इरफान समोरच उभा होता, दाढी पिकलेली.

"ही सही बिरादार सरांचीच?" सरकारी वकिलानं विचारलं.

"हो. पण ते दुकानात गेलेच नव्हते. मला स्वतः सांगितलं त्यांनी..."

"ऐकीव सांगू नका," न्यायाधीश म्हणाले. "विचारलं तेवढंच बोला."

जबाब मला वाचून दाखवला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी सही केली.