बिबड्यांच्या दिवशी ठेवलेलं शिबिर

परवा फोनवर तू म्हणालीस, की तुमची संस्था तिकडे अमेरिकेतल्या लॅटिना बायकांसाठी आरोग्य तपासणी ठेवते आणि बायका फिरकतच नाहीत. तेव्हा आमची फजिती तुम्हा दोघा भावंडांना सांगायला हवी.

निवृत्तीनंतर मी एका संस्थेबरोबर जळगावहून रेल्वेने दोंडाईच्याजवळच्या एका गावी जात असे. छातीत गाठ आहे का, हे स्वतः कसं चाचपावं ते आम्ही बायकांना शिकवायचो. तिथल्या एका घरच्या सुनेने मला हळूच सांगितलं होतं, की तिला डाव्या बाजूला गाठ लागते. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. शिबिरात डॉक्टरीणबाईंना दाखवीन, असं तिने कबूल केलं होतं.

शिबिराची आखणी माझी. शेतात काम नसतं म्हणून उन्हाळ्यातली तारीख धरली. शाळेत पडदे लावले, खुर्च्यांना नंबर चिकटवले. अकरापर्यंत एकच म्हातारी आली, तीही गुडघे दाखवायला.

"बठ्ठ्या जनी बिबडा करी राहिन्यात," ती म्हणाली. "आज कोन ई आठे?"

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. त्यासाठी शिजवलेला घाटा गरम असतानाच थापावा लागतो, म्हणून सगळी गल्ली एका घरी जमते. जन्म खानदेशात काढून मला हे सुचलं नाही. मी बिबडे विकत आणते!

त्या दिवशी गल्ली नेमकी त्याच सुनेच्या गच्चीवर जमली होती. मी आणि डॉक्टरीणबाई तिथे गेलो. सून मान वर करीना.

"इंग्लिश शिकेल बाई, हात धोय आनि बस," तिची सासू म्हणाली. मी, शिकलेली बाई, निमूट बसले. माझा पहिला बिबडा पाहून एकीने विचारलं, "हाऊ बिबडा शे का भाकर?" सगळ्या खिदळल्या.

सुनेचं गुपित मी तिथे कसं काढणार? डॉक्टरीणबाईंनी घाट्याचा एक गोळा घेतला, आत हरभरा दडवला आणि सगळ्यांच्या हातांतून फिरवला. "बोटांच्या पेरांनी दाबा. कुठे लागतो सांगा."

"आठे शे!" सासूने सगळ्यांत आधी शोधला आणि गोळा सुनेकडे दिला. सुनेने तो दाबला, मग तसाच धरून राहिली.

"माले बी असंच लागस," ती म्हणाली.

थापणारे हात थांबले. सासूने विचारलं, "सांगं का नही?"

"कामनी घाई व्हती."

"ऊठ. हात धोय. बाईसंगे खाले जा."

"घाटा थंडा हुई जाई."

"हुई जाऊ दे!"

खालच्या खोलीत तपासणी झाली. नंतर एकेक करत बाकीच्याही उतरल्या, काहींच्या मनगटाला पीठ तसंच होतं. सुनेला मात्र पुढच्या तपासण्यांसाठी धुळ्याला न्यायचं ठरलं. सासू स्वतः बरोबर गेली.

पुढचे आठ दिवस फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. नवव्या दिवशी सुनेचाच फोन आला. गाठ साधी होती. हे सांगताना ती रडली, मीही रडले. मग नाक ओढत तिने विचारलं, वरच्या गल्लीतल्या बायका राहिल्यात, त्यांच्यासाठी कधी येता? मी डायरी उघडून तारीख सांगितली.

"ती तारीख नको," ती म्हणाली. "मी बायास्ले इचारीसन सांगस."