रवा न पडलेला थेंब

बाळाच्या रक्तात दोष होता आणि मी रिपोर्टवर 'निगेटिव्ह' लिहिलं. घाईत नाही की झोपेत नाही, चांगल्या वळणदार अक्षरात.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. वारूळवाडीत माझी एका खोलीची लॅब होती. शेजारीच असलेल्या लहान बाळांच्या दवाखान्यात जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली एक मुलगी दाखल होती. आठव्या महिन्यात झालेली, दीड किलोचीही नाही. तिचं पोट फुगलं होतं. अशा अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आतडी कधी कधी आतल्या आत सडू लागतात, आणि डॉक्टरांना तीच भीती होती. दूध बंद ठेवून त्यांनी सीआरपी बघायला रक्त माझ्याकडं धाडलं. शरीरात कुठं दाह सुरू झाला की हे सीआरपी रक्तात वाढतं.

तपासणी सोपी. काळ्या काचेवर रक्तातून सुटलेल्या पाण्याचा एक थेंब, औषधाचा एक थेंब, काडीनं कालवायचं आणि काच हलवायची. दोष असेल तर तुपातल्यासारखा रवा पडतो. माझा थेंब दुधासारखा गुळगुळीत राहिला. रिपोर्ट देताना मी वर म्हणालो, "साहेब, एकदम स्वच्छ. पाजा बिनधास्त." पाजा म्हणणारा मी कोण? पण सल्ला द्यायची मला तेव्हा भारी हौस.

डॉक्टरांनी नळीनं आईचं दूध सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोट ताठ झालं, शीतून रक्त आलं. डॉक्टर नवा नमुना घेऊन स्वतःच आले.

"काल पातळ करून बघितलं होतंस?"

नव्हतं बघितलं. दोष फारच जास्त असला तर रवा पडतच नाही. नमुना पातळ करून पुन्हा बघावा लागतो. किटबरोबरच्या कागदावर तसं छापलेलं होतं. तो कागद मी घडी करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला होता. टेबल मात्र झकास उभं होतं.

पातळ करून बघितलं, तर काच हलवायच्या आतच रवा.

मुलीला पुण्याला हलवायचं ठरलं. कुणी बोलावलं नव्हतं तरी मी जीपमध्ये चढलो. वाटेतलं पेठ गाव मागं पडल्यावर तिच्या बापाला म्हणालो, "भाऊ, रिपोर्ट माझा चुकला. दूध माझ्यामुळं सुरू झालं."

त्याची नजर ऑक्सिजनच्या नळीवर होती. तो म्हणाला, "आमी इचारलं व्हतं तुमाला, पोरगी बरी हाय का. तुमी हसून व्हय म्हनला."

मला ते आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही, आणि तेच जास्त टोचतं.

पुढचं आधीच सांगून टाकतो. मुलगी वाचली, पण आतड्याचा वीतभर तुकडा काढावा लागला. दूध आणखी एक दिवस बंद राहिलं असतं तर कदाचित तोही वाचला असता.

ऑपरेशनआधी पुण्याच्या दवाखान्यात रक्त मागितलं. माझा गट जुळत होता. नर्सबाई सुई घेऊन आल्या, तशी मी बाही वर सारली, जरा शूरासारखीच. बाप दारात उभा होता.

"घ्या त्येंचं रक्त, बाई," तो म्हणाला. "पन तपासायला दुसऱ्या कुनाला तरी द्या."