दोन टक्क्यांवर अडलेली रेघ

ती केस आठवली की आजही मी हातातलं काम बाजूला ठेवून जरा वेळ नुसता बसतो. वायव्य लंडनमधल्या एका पोलीस ठाण्यात मी डिटेक्टिव्ह सार्जंट होतो, निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. संबंधित माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

हॅरोत एकटे राहणारे एक निवृत्त मराठी डॉक्टर बेपत्ता झाले. वय अडुसष्ट. इथल्याच हॉस्पिटलांत त्यांनी भूलतज्ज्ञ म्हणून आयुष्य काढलं होतं, पत्नी वर्षभरापूर्वी वारली होती. गाडी दारात, फोन स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बँकेचं कार्ड कुठेही वापरलेलं नाही. अशा नोंदी असल्या की फाइलवर ‘हाय रिस्क’ असा शेरा पडतो. एकुलत्या एका मुलाने तक्रार दिली होती, पण चौथ्या दिवशी. इतका उशीर का, हे सांगायचं तो टाळत होता.

त्यातच शेजारच्या बाईंचा फोन आला. डॉक्टर दिसेनासे झाले त्याच्या आदल्या संध्याकाळी बापलेकांचं मोठ्याने भांडण झालं होतं, आणि नंतर मुलगा काळ्या पिशव्या गाडीच्या डिकीत भरत होता. आम्ही त्याच्या फ्लॅटची झडती घेतली. पिशव्या सापडल्या. आत साड्या, कार्डिगन, हिवाळी कोट होते. सगळे आईचे कपडे.

मुलगा पस्तिशीचा, इथेच जन्मलेला, एका विमा कंपनीत कामाला. कायद्यानुसार ताकीद देऊन आम्ही त्याचा जबाब घ्यायला बसलो. वकील नको म्हणाला. भांडण कशावरून झालं, हे त्याने तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं. वडील आईचे कपडे चॅरिटी शॉपला द्यायला निघाले होते. त्यावरून तो बोलून गेला होता की, आईलाही तुम्ही असंच देऊन टाकलंत. इंटेन्सिव्ह केअरमध्ये मशीन बंद करायला संमती दिली होती ती वडिलांनीच. त्या भांडणानंतर तीन दिवस त्याने वडिलांना फोनच केला नव्हता.

हे सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही. इतक्या वर्षांत मी अशा खाली घातलेल्या माना पुष्कळ पाहिल्या होत्या, आणि मनातल्या मनात मी त्याला दोषी धरून मोकळाही झालो होतो.

तेवढ्यात त्याने फोन माझ्याकडे सरकवला. मीही मराठी हे नावावरून ओळखून, तोवर इंग्रजीत बोलणारा तो एकदम मराठीवर आला. इथे वाढलेल्या मुलांचं असतं तसंच त्याचं मराठी.

“बाबा जिवंत आहे. हा लाइन बघा.”

स्क्रीनवर एक आलेख होता. ती एक वेबसाइट होती. अमेरिकेतल्या बेसबॉल लीगचं विजेतेपद यंदा कुठली टीम जिंकेल, यावर लोक तिथे अंदाजांची खरेदी-विक्री करतात. किंमत जितकी, तितके टक्के शक्यता, असा हिशोब; कोणी चढ्या भावाने घेतलं की आकडा वर सरकतो. आईने तरुणपणी एक वर्ष अमेरिकेत ट्रेनिंग घेतलं होतं, आणि तिथल्या टीमवर ती शेवटपर्यंत लोभ धरून होती. तिच्यामागे डॉक्टरांनी त्या साइटवर खातं उघडून तिच्या टीमवर पैसे लावायला सुरुवात केली होती, हे मुलाला माहीत होतं. टीम रोज हरत होती. तशाच इतर टीमा कधीच शून्याला टेकल्या होत्या. ही मात्र एकावर उतरायची आणि दुपारी पुन्हा दोनवर यायची.

मुलाचं म्हणणं साधं होतं. एका टक्क्याच्या भावात मिळत असताना दोनचा भाव देणारा माणूस जगात एकच आहे.

मी म्हणालो, “ते तूसुद्धा करत असशील.”

तो म्हणाला, “मग माझा फोन घ्या. लॅपटॉप घ्या. उद्या मला इथे बसवा.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही वस्तू सीलबंद पिशवीत मुद्देमालाच्या कपाटात होत्या. मुलगा माझ्यासमोर, हात टेबलावर ठेवून बसला होता. माझी सहकारी ठाण्याच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडून होती. आकडा सकाळपासून एकवर होता. दोन वाजले, काही नाही. मी घड्याळ पाहिलं, तिने खांदे उडवले. दोन वाजून दहा मिनिटांनी रेघ हलली आणि दोनवर जाऊन थांबली.

माझ्या सहकारीने वेळ टिपून घेतली. समुद्रापारच्या एका खेळावर हजारो अनोळखी लोकांनी मिळून ठरवलेला तो आकडा, आणि त्यात एका मुलाला आपल्या बापाचा हात ओळखू आला होता.

जिवाला धोका असल्याचं कारण देऊन आम्ही कंपनीकडे माहिती मागितली. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. खातं रोज वेल्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावातल्या सार्वजनिक लायब्ररीतून वापरलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिथे पोचलो तेव्हा डॉक्टर खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी होते. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा. घरातली रोकड घेऊन ते एका गेस्ट हाउसमध्ये राहत होते. मी मराठीत ओळख सांगितली. ते दचकले नाहीत.

खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाले, “तिची वाचायची शक्यता दोन टक्के सांगितली होती. मी म्हणालो, दोन म्हणजे काहीच नाही, थांबवा. डॉक्टर म्हणून ते बरोबरच होतं हो. पण नवरा म्हणून मला कोणी विचारलंच नाही, मीसुद्धा नाही.”

सज्ञान माणसाचा ठावठिकाणा त्याच्या संमतीशिवाय आम्ही घरच्यांनाही सांगू शकत नाही. तसं मी त्यांना समजावलं. त्यांनी एवढंच विचारलं, “मी इथे आहे हे कळलं कसं?” मी सगळं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी चष्मा काढला तो पुन्हा घातलाच नाही.

“बोलवा त्याला,” ते म्हणाले.

मुलगा पाच तास गाडी चालवत आला. मी बाहेर फुटपाथवर उभा राहिलो. काचेतून दोघं शेजारी शेजारी बसलेले दिसत होते. काय बोलले ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही.

अपराधी माणूस आणि पश्चात्तापाने पोळलेला माणूस बाहेरून अगदी सारखे दिसतात, हे मी नोकरीच्या शेवटी शिकलो. त्या मुलाकडे पुरावा नसता तर मी त्याला किती दिवस छळलं असतं, या विचाराने अजून शरमायला होतं. बेपत्ता माणसाच्या फॉर्मवर शेवटचं कुठे दिसले, अंगावर काय होतं, औषधं कोणती, असे बरेच प्रश्न असतात. त्यानंतरच्या दीड वर्षात मी प्रत्येक घरात फॉर्मवर नसलेला एक प्रश्न विचारत राहिलो: त्यांनी अजून कशाची आशा सोडली नव्हती?

बहुतेक घरांत हा प्रश्न ऐकून कोणीतरी खुर्ची ओढून बसायचं आणि बोलायला लागायचं.